इलेक्ट्रिक गिटारसाठी ऑडिओ इंटरफेस घेताना : आमच्या ग्राहकांसाठी

ऑडिओ इंटरफेस म्हणजे गिटार किंवा माइक लॅपटॉपला जोडणारी छोटी पेटी. ती घरी नेली की चार-आठ दिवसांत फोन येतो. "गिटारचा आवाज दबल्यासारखा येतोय, पीस खराब आहे काय?" पीस बहुतेक वेळा चांगलाच असतो. म्हणून हे लिहून देतोय.

बहुतेक इंटरफेसच्या पुढच्या बाजूला गिटारची पिन जाते तिथेच माइकची पिनही जाते. त्या सॉकेटजवळ एक बटण असतं. त्यावर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं असतं, काहींवर नुसतं गिटारचं चित्र. बटण दाबलं नसेल तर मशीन तुमची गिटार म्हणजे कीबोर्ड किंवा मिक्सर आहे असं धरून चालतं. त्याला लाइन इनपुट म्हणतात आणि त्याचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, साधारण 10 हजार ओम असतो. गिटारच्या पिकअपला लागतो 10 लाख ओम, म्हणजे 1 मेगाओम. पिकअप ही बारीक तारेची गुंडाळी, तिच्यात जोर कमी. कमी पाझराच्या विहिरीवर मोठी मोटर बसवल्यावर जे होतं तेच इथे होतं. आवाज बारीक येतो आणि आधी जातो तो तारेचा वरचा चमकदार सूर. मग माणूस गेन, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची पातळी, वाढवतो, खरखर वाढते, सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल चढवतो. गेलेला सूर त्याने परत येत नाही.

गेल्या पावसाळ्यात खानापूरचा एक विद्यार्थी इंटरफेस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसने दोनदा आला. पहिल्या वेळी आम्हीही केबल बदलून पाठवला, ती आमची चूक. दुसऱ्या वेळी त्याचीच गिटार लावली, बटण दाबलं आणि त्याला सहाही तारा एकदा मोकळ्या छेडायला सांगितल्या. तो पुढे काही बोललाच नाही, अर्धा तास वाजवत बसला.

बटण प्रत्येक मॉडेलवर एकाच जागी नसतं. स्टाइनबर्गच्या यूआर ट्वेंटी-टू सी ला हाय-झी फक्त दुसऱ्या इनपुटला आहे, पहिल्यात गिटार लावून उपयोग नाही. ऑडियंटच्या आयडी-फोरला गिटारचा सॉकेटच वेगळा आहे. फोकसराइट स्कारलेटला 'इन्स्ट' बटण दाबावं लागतं. गिटार आणि इंटरफेसच्या मध्ये मल्टी-इफेक्ट किंवा बफर (गिटारच्या सिग्नलला जोर देणारं सर्किट) असलेला पेडल असेल तर लाइन इनपुटही चालतो.

कोणता घ्यावा? एकटे गिटार वाजवत असाल तर एक गिटार इनपुट पुरतो. गाणंही म्हणणार असाल तर दोन इनपुटचा घ्या. आठ इनपुटचा मागू नका, आम्ही विकणार नाही असं नाही, पण सहा इनपुट धूळ खात पडतात. 192 किलोहर्ट्झच्या आकड्यावरही (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले जातात तो) जाऊ नका. 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ घरच्या कामाला भरपूर आहे. 48 व्होल्टचं फँटम बटण कंडेन्सर माइकसाठी असतं, गिटारला त्याचं काम नाही.

पैसे घालायचेच तर चांगला ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस लॅपटॉपवर चालवणारं सॉफ्टवेअर, असलेल्या इंटरफेसवर घाला. विंडोज लॅपटॉपवर अँप सिम्युलेटर (अँपसारखा आवाज देणारं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर कंपनीचा स्वतःचा एसिओ (ASIO) ड्रायव्हर हवाच, त्याने आवाज उशिरा येत नाही. तो असेल आणि त्याच्या सेटिंगमधला बफर 128 सॅम्पल ठेवला तर तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत 10 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, हाताला ते जाणवत नाही. सिम्युलेटर चालू असताना डायरेक्ट मॉनिटर (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला देणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर कोरा आणि डिस्टॉर्शनचा असे दोन्ही आवाज एकावर एक येतात.

गेन लावताना सर्वात जोरात वाजवा आणि मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहू द्या. लाल दिवा लागला तर ते रेकॉर्डिंग वाया गेलं समजा. अँपच्या स्पीकर आउटमधून केबल काढून इंटरफेसला कधीही लावू नका, तो जळेल.

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या ग्राहकांची आणखी एक तक्रार असते, सतत गूं आवाज. शेजारी यंत्रमाग चालू असेल आणि गिटारला सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप असतील तर तो गिटारमधूनच येतो. गिटार घेऊन जागेवरच गोल फिरा, एका दिशेला तो कमी होईल, तिकडे तोंड करून वाजवा. आधी मात्र लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, तिथे निम्मं दुखणं चार्जरचंच निघतं.

आम्ही सील फोडून, तुमच्या गिटारवर चालवून दाखवल्याशिवाय इंटरफेस देत नाही. काहींना ते आवडत नाही आणि ऑनलाइन थोडा स्वस्तही मिळतो, हे मान्य. पण निपाणी-चंदगडहून परत हेलपाटा पडला की वाचलेले पैसे बसभाड्यातच जातात. बाहेरून घेतलेला असला तरी आणा, बटण दाखवायचे आणि ड्रायव्हर इन्स्टॉल करून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही.

येताना गिटार, तुमची रोजची केबल, लॅपटॉप आणि चार्जर आणा. लॅपटॉप वडिलांचा किंवा ऑफिसचा असेल तर अ‍ॅडमिन पासवर्ड विचारून या, त्याशिवाय ड्रायव्हर बसत नाही.