व्हाइटवॉशिंग वेगळं, गोरा तारणहार वेगळा

‘द ग्रेट वॉल’च्या (2016) पोस्टरवर मॅट डेमन झळकला आणि ‘व्हाइटवॉशिंग’ म्हणून ओरड सुरू झाली. दिग्दर्शक झँग यिमू यांनी खुलासा केला की ही भूमिका चिनी नटासाठी लिहिलेलीच नव्हती. ते खरंच होतं. डेमन त्यात युरोपातून आलेला भाडोत्री सैनिक आहे. तरी लोकांचं समाधान झालं नाही, कारण दुखणं गोऱ्या तारणहाराचं, म्हणजे इतरांना वाचवायला येणाऱ्या गोऱ्या नायकाचं, आणि नाव व्हाइटवॉशिंगचं, असा तो घोळ होता.

व्हाइटवॉशिंग हा पात्रनिवडीचा मामला. पात्र आशियाई, काम मात्र गोऱ्याला. 1937च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरी झाला पॉल म्यूनी, आणि त्याच्या बायकोच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं जर्मनीत जन्मलेल्या लुईस राइनरला. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची स्टार अ‍ॅना मे वाँग तेव्हा हाताशी होती. पण नायक गोरा ठरलेला, आणि हेज कोडच्या, म्हणजे हॉलिवूडच्या नैतिक नियमावलीच्या, त्या काळात पडद्यावर आंतरवंशीय जोडपं स्टुडिओंना नको असे. म्हणजे नवरा गोरा घेतला म्हणून बायकोही गोरीच! वाँगसाठी उरली रखेलीची भूमिका. तिने ती नाकारली.

पुढे गोऱ्या नटाला आशियाई दाखवणारा मेकअप गेला, खोड राहिली. ‘21’ (2008) अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या ज्या ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार खेळणाऱ्या मुलांवर बेतलाय, त्यांत आशियाई वंशाचे बरेच होते. सिनेमात नायक गोरा.

गोरा तारणहार मात्र पटकथेत दडलेला असतो. नटसंचात बोट ठेवायला जागा नसते. ‘हिडन फिगर्स’ (2016) नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांवर आहे आणि त्या भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रींनीच केल्यात. त्यात कॅथरिन जॉन्सन दूरच्या ‘कलर्ड’, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या, स्वच्छतागृहाकडे फायलींसकट धावते, पावसात भिजते. मग केविन कॉस्टनरचा साहेब ती पाटीच ठोकून पाडतो. टाळ्या! हा साहेब काल्पनिक आणि पाटी पाडणंही. खुद्द जॉन्सन सांगत की त्या सरळ गोऱ्या बायकांचंच स्वच्छतागृह वापरत. बाईचं धाडस साहेबाच्या खात्यावर जमा झालं, आणि सिनेमा चांगला असल्याने ते खुपतही नाही. मला हे जास्त बेरकी वाटतं.

गोंधळ झाला तर मनातल्या मनात नट बदलून पाहा. दोन्ही मुख्य भूमिका चिनी वंशाच्या नटांना दिल्या, तर ‘द गुड अर्थ’वरची ही तक्रार संपते. ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये (1984) बदलायचं कोणाला? अमरीश पुरी आहेत, रोशन सेठ आहेत. तरी गावाची पळवलेली मुलं सोडवून आणतो अमेरिकन प्राध्यापकच.

‘ग्रीन बुक’ (2018) कृष्णवर्णीय पियानोवादक डॉन शर्ली आणि त्यांच्या गोऱ्या ड्रायव्हरची गोष्ट. पटकथालेखकांपैकी एक त्या ड्रायव्हरचा मुलगा. ऑस्करला मुख्य अभिनेत्याचं नामांकन मिळालं ड्रायव्हर झालेल्या व्हिगो मॉर्टेन्सनला; शर्ली साकारणाऱ्या माहेरशाला अलीला पुरस्कार मिळाला, तो सहाय्यक अभिनेत्याचा.