पुच्छपिसे (पक्ष्यांची)

पक्ष्याच्या शेपटीत पंख्यासारखी मांडलेली लांब, ताठ पिसे. शेपटीचे अखेरचे मणके सांधून झालेल्या आखूड हाडाभोवती ती रुजलेली असतात. बहुतेक पक्ष्यांत त्यांची संख्या 12, गुंजन पक्ष्यांत 10, तर काही पाणलाव्यांत 20 हून अधिक असते.

उडताना ही पिसे तोल सांभाळतात आणि उतरताना पसरून वेग मोडतात. घार घिरट्या घालताना आपली दुबेळकी शेपूट सारखी पिळत असते. मान वर करून थोडा वेळ पाहिले तरी ते दिसते. सुतार पक्षी ताठ पुच्छपिसांचा खोडाला टेकू देतो.

उगमाविषयी एकमत नाही. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या लांब, हाडांच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी पिसे होती. चीनमध्ये सापडलेल्या कॉडिप्टेरिक्स या न उडणाऱ्या डायनासोरच्या शेपटीच्या टोकाला मात्र पिसांचा पंखा होता. त्यावरून प्रदर्शनाचा, म्हणजे जोडीदाराचे लक्ष वेधण्याचा, उपयोग उड्डाणाच्या आधीचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. ते मत अधिक सयुक्तिक वाटते.

प्रदर्शनाचे सर्वपरिचित उदाहरण मोराचे. पण पिसारा म्हणजे मोराची शेपूट नव्हे. तो शेपटीच्या मुळावरील, वरच्या बाजूच्या आच्छादक पिसांचा, साधारण दीडशे पिसांचा असतो. खरी शेपूट 20 आखूड, तपकिरी पिसांची. नाचत्या मोराच्या पाठीमागून पाहिले, की हीच पिसे पिसाऱ्याला आधार देत थरथरताना दिसतात.

मोरपिसाकडे पाहिले की आपल्याला मळमळते, असे डार्विनने 1860 मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिले होते. इतके बोजड आभूषण नैसर्गिक निवडीत टिकले कसे, हा त्याचा पेच होता. 1871 मध्ये त्याने लैंगिक निवडीचे, म्हणजे मादीच्या पसंतीचे उत्तर सविस्तर मांडले. जीवशास्त्रज्ञ मॅरियन पेट्री व सहकाऱ्यांना 1991 मध्ये इंग्लंडमधील मोरांत, जास्त डोळ्यांच्या पिसाऱ्याला लांडोरी पसंती देतात असे आढळले. जपानमधील सात वर्षांच्या निरीक्षणात (2008) तसा संबंध दिसला नाही. डोळ्यांच्या संख्येतील नैसर्गिक फरक लांडोर मनावर घेत नाही, पण पुष्कळ डोळे काढून टाकले तर मोर नाकारला जातो, असा 2011 चा निष्कर्ष आहे. दोन्ही निरीक्षणांची संगती त्याने बरीचशी लागते. पिसाऱ्याचा बोजाही वाटतो तेवढा नसावा : 2014 च्या एका प्रयोगात पिसारा कापल्यानंतरही मोरांच्या झेपेत फरक पडला नाही.

मादीच्या पसंतीचा, थेट प्रयोगाचा सर्वांत स्वच्छ पुरावा मोराचा नाही. स्वीडिश जीवशास्त्रज्ञ माल्टे अँडरसन यांनी केनियात लांबशेपट्या विडो पक्ष्यांच्या नरांची पिसे कापून दुसऱ्या नरांना चिकटवली (1982). शेपूट लांबवलेल्या नरांच्या हद्दीत अधिक माद्यांनी घरटी केली.

पाणलाव्याचा नर सूर मारताना बाहेरची पुच्छपिसे ताणून घुमणारा आवाज काढतो. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा गळतो आणि नवा येईपर्यंत ती तपकिरी शेपूट उघडी दिसते.