जवसाच्या तेलाने चरबी वितळत नाही

इंदूरच्या आमच्या मराठी घरांत हल्ली सकाळी पोहे-जलेबीच्या आधी चमचाभर जवसाचं तेल पोटात जातं. कारण काय, तर ‘ओमेगा-३ चांगली चरबी, ती वाईट चरबी जाळते.’

जाळत नाही. चरबी चांगली असो वा वाईट, एका ग्रॅममागे ९ कॅलरी देतेच. पोह्यांच्या चमच्याने घेतलं तर जवसाचं तेल सुमारे १२० कॅलरी वाढवतं. वर मूठभर शेव, ती वेगळीच!

हा समज आला कुठून? ओमेगा-३ असलेलं माशाचं तेल घातलेल्या खाद्यावर वाढवलेल्या उंदरांत चरबी कमी साठते, असं काही प्रयोगांत दिसलं. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिवाय जवसातलं ओमेगा-३ माशातल्यापेक्षा वेगळं. आपलं शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलतं.

ओमेगा-३ निरुपयोगी नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) फार वाढली, तर डॉक्टर ते मोठ्या मात्रेत देतात. पण ते औषध म्हणून. आजीची जवसाची चटणी भाकरीबरोबर खुशाल खा, चवीसाठी. तेल प्यायचंच असेल, तर फोडणीतलं तेवढं कमी करा.