जॉन हाउलंडचे वीस लाख वंशज

१६५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड एक यादी करायला बसला. तीस वर्षांपूर्वी इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून आपल्याबरोबर कोण कोण आलं, त्यातलं कोण गेलं, कोण उरलं आणि उरलेल्यांचा वेल कुठवर पसरला, याचा तो हिशेब होता. जॉन हाउलंडच्या नावापुढे त्याने नोंदवलं की नवरा-बायको दोघंही हयात आहेत, मुलं दहा, दहाही जिवंत. थोरल्या मुलीला चार मुलं, दुसरीला एक. एकूण पंधरा जीव.

आज हाच आकडा वीस लाखांच्या घरात असावा असा अंदाज सांगितला जातो. त्यात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आहेत, बुश पिता-पुत्र आहेत, नट हम्फ्री बोगार्ट आहे आणि मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथही आहे. आपल्या अंगात हाउलंडचं रक्त आहे असं हे वंशज अभिमानाने सांगतात. गंमत अशी, की त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पेशींमध्ये हाउलंडकडून आलेलं काहीही नाही. वंशावळ खरी, पण डीएनए शून्य. हे कसं, ते पाहण्याआधी माणूस कोण होता ते पाहू.

हाउलंड इंग्लंडमधल्या फेनस्टँटन गावचा. १६२० मध्ये जहाजावर चढला तो जॉन कार्व्हर या पुढाऱ्याचा विशीतला नोकर म्हणून. अटलांटिकच्या मध्यावर असं वादळ झालं की शिडं उतरवून जहाज लाटांच्या हवाली करावं लागलं. हाउलंड खालच्या कोंदट जागेतून वर आला, जहाज कललं आणि गडी थेट समुद्रात. ब्रॅडफर्ड सांगतो की वरच्या शिडाचा दोर जहाजाबाहेर लोंबत होता, तो त्याच्या हाती लागला. काही वाव पाण्याखाली जाऊनही त्याने दोर सोडला नाही. मग वरून ओढून आणि आकडी लावून त्याला जहाजावर घेतलं. थोडा आजारी पडला, इतकंच.

पुढचा हिवाळा त्याहून वाईट होता. १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे वसंत येईपर्यंत मेले. त्यात एलिझाबेथ टिली या तेरा वर्षांच्या मुलीचे आई-वडील होते, काका-काकूही होते. एप्रिलमध्ये शेतातून परतलेला कार्व्हर आजारी पडून गेला, काही आठवड्यांत त्याची बायकोही गेली. ज्याच्या पदरी हाउलंड नोकर होता त्या वसाहतीच्या पहिल्या गव्हर्नराचा वंश तिथेच संपला. नोकराने दोन-तीन वर्षांनी त्या पोरक्या एलिझाबेथशी लग्न केलं.

दहा मुलं होणं त्या काळी नवलाचं नव्हतं. दहाच्या दहा जगणं हे नवल. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये चारातलं एखादं मूल दहा वर्षांचं व्हायच्या आत जायचं. प्लिमथमध्ये पहिला हिवाळा सरल्यावर चित्र पालटलं. वस्ती विरळ, झऱ्यांचं पाणी चांगलं, थंडीमुळे हिवतापाला फारसा थारा नाही, आणि साथ पसरवायला दाटीवाटीचं शहरही नाही. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनमध्ये असेच इंग्रज भरतीचं मचूळ पाणी पिऊन हगवणीने आणि विषमज्वराने पटापट मेले होते. प्लिमथमध्ये एकविशी गाठलेला पुरुष साधारण सत्तरीपर्यंत जगे. हाउलंड स्वतः १६७३ मध्ये ऐंशी ओलांडून वारला, असं वसाहतीची नोंद सांगते.

या सुदैवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. ही मोकळी, आधीच कसलेली जमीन पटक्सेट नावाच्या गावाची होती. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव अख्खं उजाड झालं. साथ नेमकी कशाची, यावर अजून वाद आहे. टिस्क्वांटम हा तिथला माणूस १६१४ मध्ये इंग्रज कप्तानाने पळवून नेला होता, म्हणून साथीतून वाचला. परत आला तेव्हा गावात कोणी नव्हतं. त्यानेच या नवख्यांना मासळीचं खत घालून मका लावायला शिकवलं. हाउलंडची मुलं त्या मक्यावर वाढली.

आता गणित. थोरली डिझायर, तिला एकटीला ११ मुलं झाली. सगळी नातवंडं मिळून ८८ च्या आसपास. तिथून पुढे दर माणशी तीनच मुलं वंश चालवणारी धरली, तरी आणखी दहा पिढ्यांत आकडा ५० लाखांपलीकडे जातो. प्रत्यक्षातला अंदाज त्याहून कमी येतो, कारण दूरच्या भावंडांची आपसांत लग्नं झाली. आसपासच्या गावांत वर-वधू शोधताना ते टळणारं नव्हतं. अशा लग्नातलं मूल हाउलंडपर्यंत दोन वाटांनी पोचतं, पण ते मोजायचं एकदाच.

‘त्या दिवशी दोर सुटला असता तर हे वीस लाख लोक जन्मलेच नसते’ हे वाक्य हाउलंडवरच्या प्रत्येक लेखात भेटतं. खोटं नाही, पण अर्धंच आहे. बायकांची इतकी वानवा असलेल्या वसाहतीत एलिझाबेथ बिनलग्नाची राहिली नसती. दुसऱ्या कुणाचे तरी वीस लाख झाले असते आणि त्यांनीही असंच काही लिहिलं असतं.

मग रक्ताचं काय? आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा डीएनए येतो, हे पक्कं. आजोबांकडून पाव येतो, हे मात्र फक्त सरासरीने. वडिलांच्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक त्यांच्या आईची, एक त्यांच्या वडिलांची. शुक्रपेशी घडताना या दोन प्रती मोजक्या ठिकाणी तुटून आपसांत तुकडे बदलतात. आईकडचं स्त्रीबीज घडतानाही हेच होतं. लिंगगुणसूत्रं बाजूला ठेवली तर २२ जोड्यांवर मिळून दर पिढीला असे सांधे सरासरी तेहतीसच्या आसपास पडतात. म्हणजे डीएनए पिढ्यान्‌पिढ्या उतरतो तो लांबलचक तुकड्यांनी, आणि तुकड्यांची संख्या दर पिढीला दोन्ही बाजू मिळून साठ-सत्तरने वाढते. पूर्वजांची संख्या मात्र दर पिढीला दुप्पट होते.

आठव्या पिढीत तुमचे २५६ पूर्वज असतात आणि तुमचा डीएनए पाचशेच्या आसपास तुकड्यांत विभागलेला असतो. तिथे बहुतेकांच्या वाट्याला काही ना काही येतं. दहाव्या पिढीत पूर्वज १,०२४, तुकडे साधारण ६४०. बाराव्या पिढीत, म्हणजे आजच्या बऱ्याच वंशजांपासून हाउलंड जिथे आहे तिथे, पूर्वज ४,०९६ आणि तुकडे फार तर ७७०. ते सगळ्यांना पुरणार कसे? हिशेब केला तर त्या पिढीतल्या एखाद्या पूर्वजाचा निदान एक तुकडा तुमच्यात असण्याची शक्यता पाचात एकाहूनही कमी निघते. हाउलंड दोन-तीन वाटांनी पूर्वज असेल तर ती थोडी वाढते, इतकंच. बाकीचे सारे कागदोपत्री वंशज.

ज्यांच्यात तुकडा उतरला त्यांच्यातही तो एकच नसतो. एकाकडे तिसऱ्या गुणसूत्रावरचा, दुसऱ्याकडे अकराव्यावरचा. दोघं एकाच बापाचे वंशज असूनही त्यांचे नमुने एकमेकांशी जुळणार नाहीत. म्हणून मेफ्लॉवरच्या वंशजांची १८९७ मध्ये स्थापन झालेली संस्था सदस्यत्व देताना मुख्यतः जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले पाहते, प्रत्येक पिढीचे. मला हे जुनाट वाटत नाही. इतक्या अंतरावर कागदच जास्त बोलतो.

कागद चुकतोही, हे खरं. प्लिमथच्या बरिअल हिलवर वंशजांनी एकोणिसाव्या शतकात हाउलंडच्या नावाचा दगड उभारला आणि त्यावर बायको म्हणून चक्क गव्हर्नर कार्व्हरची मुलगी कोरली. खानदान थोडं वर गेलं. तेव्हा ब्रॅडफर्डचं हस्तलिखित बेपत्ता होतं. ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅममधल्या ग्रंथालयात सापडलं, १८५६ मध्ये छापून आलं, आणि यादीत स्वच्छ लिहिलेलं होतं: बायको टिलीची मुलगी.

डीएनएचे दोन भाग मात्र असे आहेत जे असे तुटून विखुरत नाहीत. वाय गुणसूत्र जवळपास जसंच्या तसं बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे हाउलंड आडनावाच्या वाटेने. पण इथे अडचण आहे. जॉनचे दोन भाऊ, आर्थर आणि हेन्री, मागाहून वसाहतीत आले आणि त्यांचेही वंश वाढले. तिघांचं वाय एकच, तेव्हा चाचणीत हाउलंड घराणं कळतं, जॉन कळत नाही.

दुसरा भाग मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचा, डीएनए. तो फक्त आईकडून येतो आणि पुढे फक्त मुलीच तो चालवतात. एलिझाबेथला तो आई जोन हर्स्टकडून मिळाला. तिच्यापासून आजपर्यंत मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी अशी न तुटलेली ओळ असेल, तर बारा पिढ्यांनंतरही तो जवळपास बदललेला नसतो. कठीण काम असतं ओळ शोधण्याचं, कारण दर पिढीला आडनाव बदलतं.

तिथे एलिझाबेथचं मृत्युपत्र कामाला येतं. डिसेंबर १६८६ मध्ये, वय ७९ आणि स्मरणशक्ती शाबूत असल्याचं नमूद करून, तिने ते केलं. थोरला जॉन, त्याला पाच पौंड आणि टिंडलचा ग्रंथ. जोसेफला वजनाचा काटा. जेबेझला मोठं लोखंडी भांडं. आयझॅकला पितळेची मोठी किटली, जी आधीच त्याच्याकडे होती. लिडिया ब्राउनला सगळ्यात चांगली पिसांची गादी, छोटं बायबल आणि धाकटी किटली. शेवटची वर्षं म्हातारी तिच्याकडेच राहत होती, तेव्हा गादी तिला मिळणं साहजिकच. एलिझाबेथ डिकिन्सनला चादरींचा जोड आणि पेटी. मुलींची सासरची आडनावं इथे आपसूक नोंदली गेली.

अशा नोंदींतली आडनावं धरून डिझायरची एक आणि तिची बहीण होपची एक अशा दोन स्त्री-ओळी आजपर्यंत आणल्या आणि दोन्हीकडच्या हयात बायकांचा मायटोकाँड्रियाचा डीएनए जुळला, तर दोन्ही वंशावळींतले चोवीसेक दुवे एका फटक्यात तपासले जातात. नाही जुळला तर कुठल्या तरी ओळीत चूक आहे, पण कुठल्या, ते दोघींवरून सांगता येत नाही. मग तिसऱ्या मुलीची ओळ शोधायला लागते. एलिझाबेथला मुली सहा होत्या, हे वंशावळ जुळवणाऱ्यांचं नशीब.