मुक्त समुद्राचं वकीलपत्र

२५ फेब्रुवारी १६०३. सिंगापूरच्या पूर्वेला, जोहोर नदीच्या मुखापाशी 'सांता कॅटरिना' नावाचं अजस्र पोर्तुगीज जहाज नांगर टाकून उभं होतं. मकाऊहून मलाक्काला निघालेलं. पोटात कच्च्या रेशमाचे गठ्ठे, चिनी मातीची भांडी, कस्तुरी; वर बायकापोरांसकट सातशेच्या आसपास माणसं. सकाळी याकोब व्हान हेम्सकर्क या डच कप्तानाने त्याला गाठलं आणि दिवसभर तोफा चालल्या. पण गोलंदाजांना त्याची सक्त ताकीद होती: मारा शिडांवर करा, बुडाला धक्का नको. जहाजच तळाला गेलं तर लुटायचं काय? संध्याकाळपर्यंत पोर्तुगीजांनी हात टेकले. माणसांना जीवदान मिळालं, जहाज आणि माल मात्र गेला.

पुढे ॲम्स्टरडॅममध्ये या मालाचा लिलाव झाला आणि सुमारे ३५ लाख गिल्डर (हे डच चलन) उभे राहिले. मार्च १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं सगळं भांडवल होतं ६४ लाखांच्या घरात. म्हणजे एका जहाजात निम्म्याहून जास्त भांडवल वसूल.

आज दक्षिण चिनी समुद्राची किंवा होर्मुझची बातमी आली की 'जलवाहतुकीचं स्वातंत्र्य' हे शब्द कानावर येतातच. खुला समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, तिथून कोणीही जावं, हे तत्त्व आपण हवापाण्यासारखं गृहीत धरतो. त्याची सर्वांत गाजलेली मांडणी या लुटीच्या खटल्यातून निघाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

पण आधी समुद्र बंद कोणी केला होता ते पाहायला हवं. १४९३ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने फर्मानं काढून नव्या मुलखाची वाटणी केली आणि १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहात स्पेन व पोर्तुगाल यांनी केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगांवर (लीग हे अंतराचं जुनं माप) उभी रेघ मारली. रेघेच्या पूर्वेचं पोर्तुगालचं, पश्चिमेचं स्पेनचं. ज्यांच्या दारातून ही रेघ पुढे फिरणार होती त्यांना कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कागदावरची रेघ हिंदी महासागरात कशी उतरली हे कोकणातल्या नाखुद्यांनी, म्हणजे जहाजांच्या कप्तानांनी, अनुभवलं. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ अशी मोक्याची ठाणी हाती घेत पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यावर जहाजाचं नाव, नाखुद्याचं नाव, जहाज केवढं, खलाशी किती, हत्यारं कोणती, कुठून कुठे जाणार, हे सगळं लिहिलेलं असे. परवान्याची फी किरकोळ. खरी मेख अशी की तो घेतलेल्या जहाजाला पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. शिवाय मिरी, हत्यारं, दारूगोळा यांसारखा माल न्यायला बंदी. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त, आणि प्रतिकार केला तर माणसांचं काय होईल याची शाश्वती नाही.

यापूर्वी या समुद्रात चाचे नव्हते असं नाही, बंदरात जकातही होतीच. पण भर समुद्रातून जाण्यासाठी कोणाचा कागद खिशात ठेवायचा, ही कल्पना नवीन होती. निजामशाही आणि आदिलशाहीच्या चौल-दाभोळच्या गलबतांनी ती गिळली. मुघलांनीही गिळली. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७० च्या दशकात हजला निघाली तेव्हा परवान्यासाठी तिला सुरतेला खोळंबून राहावं लागलं. त्या कागदावर मेरी आणि येशू यांची चित्रं असत. त्यामुळे असा कागद बाळगून केलेला प्रवास धर्माला धरून आहे का, हा वाद अकबराच्या दरबारातल्या मौलवींमध्ये रंगला होता. आणि परवाना घेऊनही भरवसा नव्हताच. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं 'रहीमी' हे जहाज कार्ताझ जवळ असताना पोर्तुगीजांनी पकडून नेलं. त्यावर जहांगीरने आग्र्याचं जेझुइट चर्च बंद करवलं आणि दमणला वेढा घातला.

डच यात आले ते घरच्या भांडणातून. स्पेनच्या राजाविरुद्ध त्यांचा उठाव १५६८ पासून चालू होता, आणि १५८१ मध्ये त्यांनी दुसऱ्या फिलिपला राजा मानायला जाहीर नकार दिला. पण वर्षभर आधीच पोर्तुगालची गादीही त्याच फिलिपकडे गेली होती. त्यामुळे पोर्तुगीज डचांचे आपोआप शत्रू झाले. ज्या लिस्बनहून डच व्यापारी मसाला उचलून उत्तर युरोपात विकत, तिथेच त्यांच्या जहाजांवर जप्त्या येऊ लागल्या. मसाला हवा तर आता मुळापाशीच जायला हवं होतं.

वाट मात्र गोव्यातूनच मिळाली. यान हॉयगेन व्हान लिन्सोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेले जलमार्ग, वारे, उथळ जागा, बंदरांची माहिती त्याने बसल्या जागी टिपून घेतली आणि मायदेशी परतल्यावर १५९५-९६ मध्ये छापून टाकली. मलाक्काची सामुद्रधुनी टाळा, सुंदाच्या सामुद्रधुनीतून जा, हा त्याचा सल्ला. चिटणिसाने धन्याचं दप्तरच चव्हाट्यावर मांडलं म्हणायचं. १५९५ मध्ये पहिला डच ताफा जावाकडे निघाला. निम्म्याहून जास्त माणसं वाटेत मेली, पण रस्ता खुला झाला. मग १६०१ मध्ये मकाऊला पोर्तुगीजांनी १७ डच खलाशांना ठार मारलं. हेम्सकर्क त्याच सुडाच्या गोष्टी करत होता. 'सांता कॅटरिना'ची खबर त्याला दिली जोहोरच्या सुलतानाच्या भावाने, कारण जोहोरचं आणि पोर्तुगीजांचं हाडवैर होतं.

हेम्सकर्कला दिलेल्या आज्ञेत मात्र बळ वापरायचं ते स्वसंरक्षणासाठी किंवा नुकसानभरपाईसाठी, असं होतं. तेव्हा ही लढाई की दरोडा? सप्टेंबर १६०४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नौदल न्यायालयाने लूट कायदेशीर ठरवली. पण कंपनीच्या काही भागधारकांनाच हे पटत नव्हतं. त्यांत मेनोनाइट होते, शांततावादी पंथाचे लोक. तोफेच्या तोंडून आलेला नफा त्यांना नको होता. कंपनीला न्यायालयाचा निकाल पुरेना, लोकांच्या गळी उतरेल असं काहीतरी हवं होतं. त्यासाठी तिने एक वकील गाठला: ह्यूगो ग्रोशियस, वय २१.

हा मुलगा म्हणजे एक नवलच होतं. डेल्फ्टला १५८३ मध्ये जन्म, अकराव्या वर्षी लायडन विद्यापीठात दाखल, पंधराव्या वर्षी शिष्टमंडळाबरोबर फ्रान्सच्या राजाच्या भेटीला. चौथ्या हेन्रीने त्याला 'हॉलंडचा चमत्कार' म्हटलं अशी आख्यायिका आहे. कंपनीला हवी होती चार पानांची चोपडी. याने 'लुटीचा कायदा' या विषयावर लॅटिनमध्ये भलाथोरला ग्रंथ लिहून काढला. तोवर हवा थंडावली होती. ग्रंथ छापलाच गेला नाही.

१६०८ च्या सुमारास स्पेनशी तहाची बोलणी चालू झाली आणि स्पेनने अट घातली की डचांनी आशियातला व्यापार सोडावा. कंपनीचं धाबं दणाणलं. ग्रोशियसने हस्तलिखितातलं बारावं प्रकरण बाहेर काढलं, डागडुजी केली आणि १६०९ मध्ये ते स्वतंत्र पुस्तक म्हणून निनावी छापलं: 'मारे लिबेरुम', म्हणजे मुक्त समुद्र.

पुस्तक लहानसंच, पण प्रत्येक प्रकरणात पोर्तुगीजांचा एकेक दावा काढून त्याची साल काढलेली. शोध लावला म्हणून मालकी? भारत काय हरवला होता? जावा, सिलोन, मोलुक्का इथल्या लोकांचे स्वतःचे राजे आहेत, कायदे आहेत. उलट पोर्तुगीजच तिथे राहायला त्यांची परवानगी मागतात. पोपने दिलं म्हणून? जे त्याचं नव्हतंच ते त्याने द्यायचं कसं? आणि समुद्र? तो हवेसारखा आहे: धरून ठेवता येत नाही, कुंपण घालता येत नाही, एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. यातली खरी चलाखी अशी की दाखले बरेचसे स्पॅनिश पंडितांचेच, सालामांकाचे धर्मशास्त्री फ्रान्सिस्को दे व्हितोरिया आणि त्यांच्या परंपरेतले. शत्रूच्याच भात्यातले बाण.

मला या पुस्तकात सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती आशियाई राजांची बाजू. ग्रोशियस आशियात कधी आला नाही. जोहोरचा सुलतान सार्वभौम आहे, तो कोणाशीही करार करू शकतो, हे त्याला मनापासून वाटत होतं की खटल्यासाठी सोयीचं होतं, हे वेगळं काढणं कठीण आहे. काही असो, युरोपात छापून हे म्हटलं गेलं.

उत्तरं आलीच. पोर्तुगीजांच्या वतीने सेराफिम दे फ्रेतास या धर्मगुरूने १६२५ मध्ये उत्तर लिहिलं. इंग्रजांचा राग हेरिंग माशांवरून होता. डच मच्छीमार त्यांच्या किनाऱ्यालगत जाळी टाकत होते. म्हणून जॉन सेल्डनने 'बंद समुद्रा'ची बाजू मांडली आणि ती १६३५ मध्ये छापून आली.

पण खरी गंमत त्याआधीच, १६१३ मध्ये, लंडनला झाली. इंग्रजांना मोलुक्का बेटांवर लवंग विकत घ्यायची होती, डच येऊ देईनात. बोलणी करायला डचांनी पाठवला कोण, तर ग्रोशियस. आणि इंग्रजांनी त्याच्यासमोर 'मारे लिबेरुम'मधलेच मुद्दे ठेवले. ग्रोशियसचं उत्तर वकिलाला शोभणारं होतं: समुद्र सगळ्यांचा, कबूल, पण तिथल्या राजांनी मसाला फक्त आम्हालाच विकायचा करार केला आहे, आणि करार पाळायचा असतो.

ते करार कसे पाळून घेतले गेले हे बांदा बेटांवर दिसलं. जायफळ इतरांना विकल्याच्या कारणावरून १६२१ मध्ये डच कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून याने बेटांवर स्वारी केली. सुमारे १५ हजार वस्तीतली बहुतेक माणसं मेली, गुलाम झाली किंवा पळाली. मकासारच्या सुलतानालाही डचांकडून इतरांशी व्यापार न करण्याची ताकीद मिळाली होती. (त्याच्या राज्याचं नाव गोवाच, पण हे आपलं गोवा नव्हे, सुलावेसी बेटावरचं.) १६१५ मध्ये त्याने उत्तर दिलं, त्याचा आशय असा: देवाने जमीन माणसांत वाटून दिली, समुद्र मात्र सगळ्यांना सामाईक ठेवला, समुद्रावर जायला कोणी कोणाला मनाई केल्याचं आजवर ऐकलेलं नाही. हा युक्तिवाद कोणाचा वाटतो? त्याने 'मारे लिबेरुम' वाचलं असण्याचं काही कारण नाही. १६६७ मध्ये डच आरमाराने त्याच्या वारसाला नमवून तह लिहून घेतला.

आपल्या किनाऱ्यावरही डच आले. १६३६ पासून ते जवळजवळ दर वर्षी गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करत, आणि ताफ्याला जवळचा आसरा म्हणून १६३७ मध्ये आदिलशहाच्या परवानगीने त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिच्या पडक्या भिंती आजही गावात उभ्या आहेत. मराठ्यांनी मात्र समुद्राकडे पाहताना लॅटिन युक्तिवादाची वाट पाहिली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ते एका ओळीत आहे: "ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र." कान्होजी आंग्रे त्याच हिशोबाने स्वतःचे दस्तक देत, नसेल त्याचं जहाज पकडत. दोनशे वर्षं कार्ताझ वाटणारे पोर्तुगीज आणि स्वतःचे परवाने चालवणारे इंग्रज त्यांना समुद्री चाचे म्हणाले आणि १६०९ चा सगळा वाद विसरून १७२१ मध्ये दोघांनी मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. जमलं नाही.

ग्रोशियसचं पुढे वाईट झालं. डच राजकारणातल्या भांडणात त्याचा पाठीराखा ओल्डनबार्नेव्हेल्ट याचं १६१९ मध्ये शिर उडवलं गेलं आणि ग्रोशियसला लूव्हेस्टाइन किल्ल्यात जन्मठेप झाली. तिथे त्याला वाचायला पुस्तकांची पेटी येत-जात असे. पहारेकरी आधी उघडून बघत, पुढे कंटाळले. २२ मार्च १६२१ ला बायको मारिया हिने नवऱ्यालाच पेटीत घातलं. सैनिकांनी पेटी उचलली, 'जड आहे' म्हणून कुरकुरले, आणि नेली. पेटीबरोबर घरची मोलकरीण होती. गावात पोहोचल्यावर ग्रोशियस गवंड्याच्या वेशात सटकला आणि पॅरिस गाठलं. युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ तिथेच १६२५ मध्ये निघाला. ती पेटी आपल्याकडेच आहे असं सांगणाऱ्या जागा हॉलंडमध्ये एकाहून जास्त आहेत. समुद्राचा हा वकील १६४५ मध्ये बाल्टिकमध्ये जहाज फुटल्यावर किनाऱ्याला लागला आणि रोस्टॉकला वारला.

पुढची दोनशे वर्षं 'मारे लिबेरुम' हे निखळ तत्त्वचिंतन म्हणूनच वाचलं गेलं. १८६४ मध्ये हेगला त्याच्या घराण्याकडची जुनी कागदपत्रं लिलावात निघाली, तेव्हा त्यांत ग्रोशियसच्या हातचं एक जाड हस्तलिखित सापडलं. लायडन विद्यापीठाने ते विकत घेतलं. वाचणाऱ्यांना बारावं प्रकरण ओळखीचं वाटलं, आणि त्याच्या आधीच्या पानांवर 'सांता कॅटरिना'ची सगळी हकीकत होती.