पाणबुडी सिम्युलेशनमधील कारकीर्द

संगणकावरील पाणबुडी-सिम्युलेशनमध्ये सुट्या लढाया न खेळता एकच कप्तान घेऊन नेमणुकीपासून मृत्यू, निवृत्ती किंवा युद्धसमाप्तीपर्यंत गस्तीमागून गस्त खेळण्याच्या पद्धतीला ‘कारकीर्द’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील यू-बोटींवरील, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवरील, ‘एसेस ऑफ द डीप’ (१९९४) या खेळाने ही पद्धत लोकप्रिय केली. युबीसॉफ्टच्या रोमानियातील स्टुडिओने २००५ मध्ये काढलेल्या ‘सायलेंट हंटर ३’ मध्ये तिला आजही प्रमाण मानले जाणारे रूप मिळाले. त्यानंतरचा ‘सायलेंट हंटर ४’ (२००७) पॅसिफिक महासागरातील अमेरिकन पाणबुड्यांवर आहे. या नोंदीत प्रामुख्याने अटलांटिकमधील कारकिर्दीचा विचार केला आहे.

कारकिर्दीत कप्तानाचा सामना एखाद्या जहाजापेक्षा सालाशी असतो. तीच पाणबुडी, तोच कप्तान आणि तीच नेमबाजी १९४० मध्ये भरघोस टनभार (बुडवलेल्या जहाजांचे एकूण टन) मिळवून देते आणि १९४३ मध्ये तळाशी नेते. हा उतार खेळ रचणाऱ्यांनी मनाने घातलेला नाही, तो इतिहासातून जसाच्या तसा आला आहे.

खेळाडू आरंभाचे साल आणि फ्लोटिला (पाणबुड्यांची तुकडी) निवडतो. १९३९ मध्ये बहुधा कील किंवा विल्हेल्म्सहाफेन हे तळ मिळतात. फ्रान्स पडल्यावर (जून १९४०) ब्रेस्ट, लोरियाँ आणि सें-नाझेर येथून निघता येते आणि अटलांटिकपर्यंतचा कित्येक दिवसांचा प्रवास वाचतो. मुख्यालय नकाशावरील एक चौकोन देते. जर्मन नौदलाने सगळा समुद्र ‘एएम’, ‘बीएफ’ अशा दोन अक्षरी चौकोनांत विभागून त्यांना पुढे आकडे जोडले होते, तीच पद्धत खेळात आहे. नेमलेल्या चौकोनात २४ तास गस्त घातली की आदेश पूर्ण होतो, पुढे कप्तान मोकळा. परतल्यावर नावलौकिकाचे गुण मिळतात. त्यांतून नवी पाणबुडी, सुधारित कॉनिंग टॉवर (पाणबुडीच्या पाठीवरचा मनोरा) आणि अनुभवी खलाशी घेता येतात.

सुरुवातीची टाइप २ ही लहान पाणबुडी: टॉर्पेडो सोडायच्या पुढे तीन नळ्या, एकूण पाच टॉर्पेडो. बहुतेकांची कारकीर्द टाइप ७सी वर जाते. तिची लांबी ६७ मीटर, नळ्या पुढे चार आणि मागे एक, टॉर्पेडो १४, पृष्ठभागावरील वेग १७.७ नॉट (ताशी सागरी मैल), पाण्याखाली ७.६. इंधन १० नॉटने ८,५०० सागरी मैल पुरते. पूर्ण वेगाने गेल्यास हा पल्ला निम्म्याहूनही खाली येतो, म्हणून नवख्या खेळाडूच्या बहुतेक गस्ती शत्रूमुळे नव्हे तर रिकाम्या टाकीमुळे संपतात. बॅटरीवर ४ नॉटने सुमारे ८० मैल, म्हणजे वीस तास. यू-बोट ही खरे तर गरज पडली तर बुडी मारणारी नाव होती. दिवसा नजरेच्या टप्प्याबाहेर राहून पृष्ठभागावरूनच काफिल्याच्या (एकत्र जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्याच्या) पुढे जाणे आणि रात्री पृष्ठभागावरून हल्ला करणे ही १९४० ची रीत खेळातही तितकीच फळते. ऑक्टोबर १९४० मध्ये एससी-७ या काफिल्यातील ३५ पैकी २० जहाजे अशाच रात्रीच्या हल्ल्यांत बुडाली.

वास्तवतेच्या पर्यायांत ‘हाताने नेम’ निवडला की खेळ खऱ्या अर्थाने सुरू होतो. चार गोष्टी लागतात: जहाजाचा प्रकार, अंतर, त्याच्या रोखाचा आपल्या नजरेच्या रेषेशी होणारा कोन आणि वेग. ओळख-पुस्तिकेतून जहाजाची लांबी आणि डोलकाठीची उंची मिळते, उंचीवरून अंतर. वेगासाठी पेरिस्कोपची उभी रेघ स्थिर धरून जहाजाचे नाक रेघेवर आल्यापासून शेपूट सुटेपर्यंतचे सेकंद मोजतात. लांबी १३४ मीटर आणि वेळ २६ सेकंद असेल तर १३४ भागिले २६ गुणिले १.९४, म्हणजे १० नॉट. या वेळी आपली पाणबुडी जवळजवळ थांबलेली हवी, नाहीतर आपलाच वेग मोजणीत मिसळतो. नकाशावर मोजायचे असल्यास ३ मिनिटे १५ सेकंदांत जहाज जितक्या वेळा शंभर मीटर जाते, तितके त्याचे नॉट.

सर्वांत भरवशाची रीत काटकोनाची. जहाजाच्या मार्गाला आडवे, नाक त्या मार्गाकडे करून थांबायचे आणि टॉर्पेडो सरळ सोडायचा. जहाज १० नॉट आणि विद्युत टॉर्पेडो ३० नॉट असेल, तर जहाज नाकाच्या रेघेवर येण्याआधी १८ अंशांवर असतानाच सोडावा. उजवीकडून येत असेल तर पेरिस्कोपवर १८, डावीकडून येत असेल तर ३४२. या रीतीत अंतर समीकरणातून गळून पडते, आणि अंतर हीच नवख्याची सर्वांत मोठी चूक असते. तरी जवळ जाणे सोडू नये. हजार मीटरवर टॉर्पेडोला ६५ सेकंद लागतात. वेगाच्या अंदाजात एका नॉटची चूक असेल तर जहाज तेवढ्यात ३३ मीटर सरकलेले असते, आणि मध्यावर धरलेला नेम तरीही लागतो. तीन हजार मीटरवर तीच चूक शंभर मीटरची होते आणि टॉर्पेडो जहाजाच्या पुढून किंवा मागून निघून जातो. अगदी जवळून मारणेही फसते, कारण साधारण ३०० मीटर धावल्याशिवाय स्फोटक सज्ज होत नाही.

टॉर्पेडोही दोन तऱ्हेचे. जी७ए दाबलेल्या हवेवर चालतो, ४४ नॉटपर्यंत जातो, पण दिवसा त्याच्या बुडबुड्यांची रेघ दिसते. जी७ई विद्युत, संथ, पण माग न सोडणारा. म्हणून पहिला रात्री, दुसरा दिवसा.

‘फसके टॉर्पेडो’ हा पर्याय अनेकजण वैतागून बंद करतात. तो चालूच ठेवावा, कारण १९३९-४० चे जर्मन पाणबुडीदल नेमके यामुळेच हतबल झाले होते. ३० ऑक्टोबर १९३९ रोजी यू-५६ चे टॉर्पेडो ब्रिटिश युद्धनौका नेल्सनवर आदळले आणि फुटले नाहीत. एप्रिल १९४० च्या नॉर्वे मोहिमेत तर हल्ल्यामागून हल्ले वाया गेले. दोष एक नव्हता. चुंबकीय पिस्तूल (‘पिस्तूल’ म्हणजे टॉर्पेडोच्या टोकाचे स्फोट घडवणारे यंत्र) वेळेआधी फुटे किंवा फुटतच नसे, धक्क्याचे पिस्तूल तिरक्या आघाताला दगा देई, आणि टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली धावे. या शेवटच्या दोषाचे मूळ जानेवारी १९४२ मध्ये यू-९४ वर सापडले: पाणबुडीत साचलेला हवेचा दाब खोली राखणाऱ्या कप्प्यात झिरपत होता. खेळातील व्यवहार यावरून ठरतो. आरंभीच्या वर्षांत धक्क्याचे पिस्तूल, खोली तीन-चार मीटर आणि आघात शक्य तितका काटकोनात. खवळलेल्या समुद्रात चुंबकीय पिस्तूल टाळावे.

१९४१ पासून पारडे फिरू लागते. मार्च १९४१ मध्ये प्रीन आणि शेप्के हे नामवंत यू-बोट कप्तान मारले गेले, तिसरा, क्रेट्श्मर, कैद झाला. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या किनाऱ्यावर अंधार पाळला जात नव्हता, तिथे टाइप ९ ही मोठी पाणबुडी सोयीची, कारण तिचा पल्ला १३,००० मैलांवर आणि टॉर्पेडो २२ असतात; मात्र ती बुडी सावकाश मारते. १९४३ च्या वसंतात सेंटिमीटर-लहरींचे रडार आले आणि यू-बोटींवरील मेटॉक्स या रडारचा इशारा देणाऱ्या यंत्राला ते ऐकू येईना. लांब पल्ल्याच्या लिबरेटर विमानांनी मध्य अटलांटिकमधली, आधी विमाने पोहोचत नसलेली, मोकळी जागा भरून काढली. मे महिन्यात ४१ यू-बोटी गेल्या आणि २४ मे रोजी जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. खेळात याच काळात काल-वेग (खेळातील वेळ पुढे पळवण्याची गती) १०२४ पटीवर ठेवून समुद्र ओलांडणारे मरतात: इशारा ऐकून वेग खाली आणेपर्यंत विमान डोक्यावर असते. विमानांच्या टप्प्यात काल-वेग कमी ठेवावा आणि दिवस पाण्याखाली काढावा. टाइप २१ या सर्वांत आधुनिक यू-बोटीची वाट पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की इतिहासातही ती युद्धाच्या शेवटच्या दिवसांतच गस्तीवर निघाली.

खेळ काही ठिकाणी इतिहासाला सोडतो. ‘सायलेंट हंटर ३’ मध्ये अनेक यू-बोटींनी मिळून, खऱ्या अर्थाने कळपाने हल्ला होत नाही. टनभारही फुगतो: सर्वांत यशस्वी कप्तान क्रेट्श्मर याच्या नावावर पूर्ण युद्धात २,७०,००० टनांच्या आसपास जहाजे आहेत आणि असंख्य यू-बोटींनी एकही जहाज बुडवले नाही, तर सरावलेला खेळाडू काही गस्तींत त्याला गाठतो. ‘ग्रे वुल्व्ज एक्स्पान्शन’ हा चाहत्यांनी रचलेला मोठा मॉड (मूळ खेळात केलेला बदल) जहाजांची विविधता आणि शत्रूची हुशारी वाढवून हे अंतर कमी करतो. एक तांत्रिक खबरदारी सर्वांनी घ्यावी: पाण्याखाली असताना किंवा जवळपास जहाजे असताना खेळ सेव्ह करू नये, ती फाइल पुढे उघडताना बिघडते. मेल्यावर जुनी फाइल उघडून पुन्हा खेळणाऱ्याला मात्र १९४३ कधीच कळत नाही.

खेळाच्या नोंदवहीत बुडालेल्या जहाजाचा चौकोन, प्रकार आणि टनभार येतो. त्या टनभारात आपली माणसे होती. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी आणि गोव्याचे स्वयंपाकी-वाढपी मोठ्या संख्येने काम करत. १७ सप्टेंबर १९४० रोजी यू-४८ ने बुडवलेल्या ‘सिटी ऑफ बनारस’ वर भारतीय खलाशी होते, त्या जहाजावर मुलांसह अडीचशेहून अधिक जण दगावले. युद्धाने मुरगाव बंदरही गाठले: तटस्थ पोर्तुगीज पाण्यात अडकलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून यू-बोटींना बिनतारी संदेश जात असल्याच्या संशयाने ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव लष्करी पथकाच्या स्वयंसेवकांनी त्यावर छापा घातला आणि त्यात ते बुडाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात ‘मोन्सून’ या जर्मन गटाच्या टाइप ९ पाणबुड्या हिंदी महासागराकडे निघाल्या, त्यांचा पूर्वेकडील तळ मलायातील पेनांगला होता.