एक्सएमएल लिहिताना झाड डोळ्यांसमोर हवे

वर्डमध्ये तयार केलेल्या आजच्या एखाद्या फाइलची प्रत काढून तिच्या नावाचा शेवट 'डॉक्स'ऐवजी 'झिप' असा केला आणि ती उघडली, तर आत अनेक लहान फाइली दिसतात व त्यांतल्या बहुतेक एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याभोवती त्याचे नाव सांगणाऱ्या खुणा (टॅग) घालण्याच्या मांडणीत, असतात. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेली ही मांडणी एसव्हीजी चित्रांपासून जीपीएसच्या नोंदींपर्यंत सर्वत्र वापरात आहे. अशा फाइली हाताने बदलणे एकदोनदा जमते. शेकडो असतील तर स्क्रिप्टच (हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहावी लागते.

नवशिका माणूस स्क्रिप्ट लिहितो तेव्हा बहुधा अक्षरांचे तुकडे जोडतो: आधी उघडणारा टॅग, मग मजकूर, मग बंद करणारा टॅग. वाचनालयाच्या सूचीत 'शेती & पाणी' या शीर्षकाचे पुस्तक येईपर्यंत हे सुरळीत चालते. एक्सएमएलमध्ये & या चिन्हाला विशेष अर्थ असल्याने ते मजकुरात उघडे ठेवता येत नाही, आणि वेबपानातल्या चुका ब्राउझर पोटात घालतो तशी सवलत इथे नाही; नियमाप्रमाणे वाचणाऱ्या प्रोग्रामला तिथेच थांबावे लागते. एका चिन्हापायी सगळी सूची अडते.

म्हणून एक्सएमएलकडे मजकूर म्हणून न पाहता झाड म्हणून पाहावे. 'सूची' हे मूळ, प्रत्येक 'पुस्तक' ही फांदी, तिच्यावर शीर्षक आणि लेखक. पायथन या प्रोग्रामिंग भाषेबरोबर २००६ सालच्या २.५ या आवृत्तीपासून येणारे एलिमेंटट्री हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) असे झाड स्मृतीत उभे करते, आपण त्याला फांद्या जोडतो किंवा तोडतो, आणि फाइलीत उतरवताना & सारख्या चिन्हांची काळजी ते स्वतःच घेते.

तोडण्याचे काम मात्र जपून करावे लागते. समजा सूचीतली दुसरी आणि तिसरी पुस्तके गहाळ झाली आहेत आणि स्क्रिप्ट एकेक पुस्तक पाहत, गहाळ असेल ते तिथल्या तिथे काढत पुढे जाते. दुसरे काढताच तिसरे सरकून दुसऱ्या जागी येते, स्क्रिप्ट तिसऱ्या जागेकडे वळते, आणि गहाळ पुस्तक सूचीत तसेच राहते. चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही, म्हणूनच ही चूक मला सर्वांत घातक वाटते. आधी सर्व पुस्तकांची वेगळी यादी करून घ्यावी आणि त्या यादीवरून चालत मूळ झाडातून काढावे, म्हणजे क्रम बिघडत नाही.

दुसरा धोका याहून बारीक आहे. 'हे <ठळक>नवे</ठळक> पुस्तक आहे' या वाक्यात 'पुस्तक आहे' हे शब्द कोणाचे? एलिमेंटट्री त्यांना 'ठळक' या घटकाची (उघडणारा टॅग, आतला मजकूर आणि बंद करणारा टॅग मिळून एक घटक) शेपटी समजते आणि त्याच्याच सोबत ठेवते; त्यामुळे 'ठळक' काढला की उरते ते केवळ 'हे'. असे झाड हाताळण्याच्या डॉम या जुन्या पद्धतीत तो मजकूर झाडावरची स्वतंत्र गाठ असल्याने जागेवर राहतो. एलिमेंटट्री वापरताना घटक काढण्यापूर्वी त्याची शेपटी आधीच्या मजकुराला जोडून घ्यावी.

वरचे टॅग मराठीत लिहिले आहेत ते केवळ सोयीसाठी नव्हे. एक्सएमएलच्या नियमांनुसार घटकांची नावे देवनागरीत ठेवता येतात. लिहिण्याची वेळ आली की मात्र एलिमेंटट्रीला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत, सांगावे लागते, कारण न सांगितल्यास ते आस्की ही देवनागरी अक्षरे नसलेली पद्धत धरते आणि मजकुरातला 'मराठी' हा शब्द &#2350;&#2352;&#2366;&#2336;&#2368; असा उतरतो. इतर प्रोग्राम तो बिनचूक वाचतात, पण फाइल उघडून पाहणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही, शिवाय यूटीएफ-८ या देवनागरीही साठवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये १५ बाइटांत मावणारा शब्द ३५ बाइट व्यापतो. फाइल लिहिण्याच्या आज्ञेत यूटीएफ-८ हे नाव घातले की तोच शब्द फाइलीत 'मराठी' असाच दिसतो.